बेरी, बेरीज आणि वजाबाकी

समाजात आपलं वजन वाढावं आणि काट्यावर ते कमी व्हावं, ही मध्यमवर्गीय माणसाची पूर्वापार इच्छा आहे. माझा अर्ज वाचताना वरच्या खात्यातल्या कारकुनाने रकाने उलटे वाचले असावेत. बँकेत बावीस वर्षं काढूनही शाखेत माझ्या शब्दाला वजन आलेलं नाही. पंखा जरा हळू करा म्हटलं तर शिपाई तो वाढवतो. काट्यावर मात्र मी दरवर्षी मुदत ठेवीसारखा व्याजासकट वाढतो आहे. लग्नाच्या वेळचं मुद्दल बासष्ट किलो होतं. आजची शिल्लक अठ्ठ्याऐंशी. तेव्हा पुढे जे लिहिलं आहे ते कुणा शिडशिडीत माणसाने उंटावरून हाकलेल्या शेळ्या आहेत, असा वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी शेळ्यांच्या बाजूचा आहे.

भांडणाला तोंड फुटलं ते आमच्या शाखेच्या जेवणाच्या खोलीत. सबनीसने डबा उघडण्याआधी खिशातून एक जांभळी बाटली काढली आणि देवापुढे दिवा ठेवावा तशी टेबलावर ठेवली.

“अकाई!” सबनीस म्हणाला.

अकाई नावाचा टेपरेकॉर्डर आमच्या काकांकडे होता. त्यात कॅसेट अडकली की पेन्सिल घालून ती फिरवावी लागे. पण सबनीसची अकाई ती नव्हे. ही म्हणे एक बेरी आहे आणि तिचा उच्चारही अकाई नव्हे. पोर्तुगीज लिपीत तिच्या ‘सी’ला खाली एक शेपटी असते, त्यामुळे तिला ‘आसाई’ म्हणायचं. रोज दोन कॅप्सूल घ्यायच्या, महिन्यात दहा किलो वजन खाली. बाटलीची किंमत चौदाशे नव्याण्णव रुपये. एवढं सांगून सबनीसने दोन कॅप्सूल पाण्याबरोबर घेतल्या आणि डबा उघडला. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, वर तूप. त्या दिवशी चतुर्थी होती, एकादशी होती, का नुसतीच सबनीसची इच्छा होती, हे मी विचारलं नाही.

मी विचारलं ते एवढंच, “अरे, पण हे खरंच चालतं का?”

त्या एका प्रश्नावर आमच्याकडे तीन दिवस कज्जा चालला. तीन पक्षकार, तीन युक्तिवाद. सबनीस म्हणाला, “नैसर्गिक आहे!” पेडणेकर मॅडम म्हणाल्या, “आमच्या नणंदेला फरक पडलाय हो!” आणि साहेब, जे जेवायला नव्हे तर आम्ही जेवणाला किती वेळ लावतो हे बघायला येतात, ते दारातून म्हणाले, “घेऊन बघायला काय हरकत आहे? तोटा तर नाही ना?” या तिन्ही युक्तिवादांचा समाचार घ्यावा म्हणून हा लेख. निकाल मी आधीच सांगून टाकतो, कारण बँकेत आम्ही शिल्लक आधी बघतो आणि नोंदी नंतर. निकाल असा, की नाही. चालत नाही.

आता नोंदी.

पहिला सबनीस. नैसर्गिक! आसाई नैसर्गिक आहे यात वादच नाही. ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदीच्या मुखापाशी पारा नावाचा प्रांत आहे. तिथे पाणथळ जागेत ही ताडासारखी उंच झाडं वाढतात. माणसं सरसर वर चढून घोस तोडतात. फळं फार लवकर खराब होतात, म्हणून ती लगेच बेलेम शहराच्या बाजारात येतात. तिथले लोक तो जांभळा गर वाडग्यात घेतात, त्यात कसाव्याचं, म्हणजे ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो त्याचं, भरड पीठ घालतात आणि तळलेल्या माशाबरोबर किंवा कोळंबीबरोबर जेवतात. साखर नाही, मध नाही. गरिबाचं पोटभरीचं अन्न आहे ते. दिवसभर होडी वल्हवणाऱ्या माणसाला ताकद यावी म्हणून खायचं. त्या गरातून मिळणारी ऊर्जा निम्म्याहून अधिक चरबीतून येते. म्हणजे पोट भरण्यासाठी जे ॲमेझॉनचा नावाडी खातो, तेच पोट उतरवण्यासाठी सबनीस खातो. उद्या कुणी शेंगदाण्याचं कूट कॅप्सूलमध्ये भरून बेलेमच्या बाजारात “भारताचं प्राचीन वजनहारी रहस्य” म्हणून विकलं, तर मला त्याचं नवल वाटणार नाही. वाईट वाटेल, कारण ही कल्पना मला आधी सुचायला हवी होती.

शिवाय वनस्पतिशास्त्राच्या वहीत आसाई ही बेरीसुद्धा नाही. आत एकच कठीण आठळी असलेलं, आंबा-बोराच्या वर्गातलं ते फळ. उलट टोमॅटो आणि वांगं मात्र शास्त्राप्रमाणे चोख बेरी आहेत. म्हणजे आपण चंपाषष्ठीला जे भरीत खातो तो बेरीचा अर्क झाला. बेरीने माणूस बारीक होत असता तर खानदेशात आज कुणी दिसलंच नसतं.

मग सबनीसने दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली काढली. हिच्यावर ‘गार्सिनिया’ असं लिहिलं होतं आणि भोपळ्यासारख्या चिऱ्या असलेल्या एका पिवळट फळाचं चित्र होतं. मी ते फळ नाही ओळखलं, पण आडनाव ओळखलं. आमची आजी गुहागरकडची. मे महिन्यात ती अंगणात रातांबे फोडून बसायची, तिचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. त्या रातांब्याचं, म्हणजे आपल्या कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. बाटलीतला गार्सिनिया कंबोजिया हा त्याचा चुलत भाऊ. केरळात त्याला कुडमपुळी म्हणतात आणि आपण आमसूल टाकतो तसं ते लोक हे माशाच्या कालवणात टाकतात. दोघांच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड नावाचं आंबट द्रव्य असतं, आणि वजन उतरवण्याची सगळी बढाई त्या द्रव्याच्या जोरावर आहे. मी सबनीसला म्हटलं, “अरे, माझी आजी उभा जन्म आमसुलाचं सार प्यायली.” तो म्हणाला, “मग? बारीक होती ना?” होती. पण ती आमसुलामुळे नव्हे. विहीर खाली होती, घर वर होतं, आणि मुंबईची मनीऑर्डर कधी वेळेवर येत नसे, म्हणून ती बारीक होती.

तिसरी एक रासबेरीची. तिच्यात रासबेरी कीटोन असतं म्हणे. हे द्रव्य म्हणजे रासबेरीचा वास. एक किलो रासबेरीत ते फार तर चार मिलिग्रॅम सापडतं आणि कॅप्सूल असते शंभर मिलिग्रॅमची. आता मी पडलो कॉमर्सचा. शंभर भागिले चार, पंचवीस. म्हणजे एका कॅप्सूलमागे निदान पंचवीस किलो रासबेरी! एवढी फळं पिळून कुणी कॅप्सूल भरेल का? ते द्रव्य कारखान्यात तयार होतं, आणि खाद्यपदार्थांना व अत्तरांना वास देण्यासाठी ते पूर्वीपासून वापरलं जातं. वजनाच्या बाबतीत त्याच्याकडे उंदरांवरच्या प्रयोगांपलीकडे दाखवण्यासारखं फारसं काही नाही, आणि त्या उंदरांनाही ते भरमसाट प्रमाणात दिलेलं होतं. तेव्हा “नैसर्गिक” हा शब्द बाटलीवर वाचला की मला खातेदाराच्या अर्जावरचा “कळावे, लोभ असावा” आठवतो. मजकुराशी त्याचा संबंध असतोच असं नाही.

आता महिन्यात दहा किलो. हा हिशेब मी पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर करून सबनीसपुढे ठेवला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने सात हजार सातशे कॅलरी. दहा किलो म्हणजे सत्त्याहत्तर हजार. तीस दिवसांनी भागा. रोज सुमारे दोन हजार पाचशे सदुसष्ट कॅलरींची तूट पाहिजे. माझ्यासारखा खुर्चीवर बसून शिक्के मारणारा गृहस्थ दिवसाला जेमतेम दोन-सव्वादोन हजार खर्च करतो. म्हणजे मी महिनाभर पाण्याचा घोट घेऊन, तोंड शिवून पडून राहिलो, तरी रोज तीनशे ते साडेपाचशे कॅलरी कुणाकडून तरी उसन्या आणून जाळाव्या लागतील! पहिल्या आठवड्यात काट्यावर जे एक-दोन किलो उतरलेले दिसतात ते बहुतेक पाणी असतं. पाणी तिसऱ्या आठवड्यात घरी परत येतं. माहेरी गेलेल्या माणसासारखं, सोबत काहीतरी घेऊन येतं.

ही दहा किलोची जाहिरात म्हणजे सबनीसच्या मोबाइलवरचा नवा शोध नव्हे. अमेरिकेत ही गाडी आधीच येऊन गेली. तिकडे २०११ च्या एप्रिलमध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने आसाई विकणाऱ्यांसाठी चालवलेल्या बनावट बातमीदारांना कोर्टात खेचलं. वर वृत्तवाहिनीचा थाट, खाली बातमीदारीणबाईंचा फोटो, आणि मजकूर असा, की मी स्वतः घेऊन पाहिलं, चार आठवड्यांत पंचवीस पौंड गेले! पंचवीस पौंड म्हणजे अकरा किलो आणि वर थोडं. सबनीसला एका किलोने मागे टाकलं. बाई खोट्या, बातमी खोटी, अभिप्रायही खोटे. त्याआधी २००९ मध्ये ऑप्रा विन्फ्री आणि डॉ. मेहमेत ऑझ यांनी आपली नावं परवानगीशिवाय वापरली म्हणून आसाई विकणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. आणि गंमत पाहा. याच डॉ. ऑझना २०१४ च्या जूनमध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे बसून ऐकून घ्यावं लागलं, कारण आपल्या कार्यक्रमात त्यांनी गार्सिनिया आणि रासबेरी कीटोनची भलामण केली होती. आपलं नाव बेरीला लावलं म्हणून रागावणारा माणूस, स्वतः मात्र बेरीला आपलं नाव देऊन बसला होता.

आता पेडणेकर मॅडमच्या नणंदबाई. त्यांना फरक पडला. पडला असेल! मी कुठे नाही म्हणतो? पण फरक कशाने पडला हे नणंदेला विचारून कळत नाही, त्यासाठी दोन नणंदा लागतात. एकीला खरी कॅप्सूल द्यायची, दुसरीला तशीच दिसणारी पोकळ, आणि कुणाला काय दिलं हे दोघींनाही सांगायचं नाही. असा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९८ साली तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. वजन जास्त असलेली एकशे पस्तीस माणसं घेतली. निम्म्यांना बारा आठवडे गार्सिनिया, निम्म्यांना पोकळ कॅप्सूल. जेवण सगळ्यांना सारखंच, बेताचं आणि चोथायुक्त. बारा आठवड्यांनी वजनं केली. गार्सिनिया घेणारे सरासरी ३.२ किलोने उतरले होते. आणि पोकळ कॅप्सूल घेणारे? ४.१ किलोने!

हा फरक शास्त्राच्या लेखी योगायोगात जमा होतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. नाहीतर उद्या पोकळ कॅप्सूलची बाटली दोन हजारांना निघायची. पण नोंद स्पष्ट आहे. काम केलं ते बेताच्या जेवणाने. कॅप्सूल नुसती बरोबर उभी होती. बाटलीवर बारीक अक्षरात “संतुलित आहार आणि व्यायामासोबत घ्यावी” असं लिहिलेलं असतं ना, त्यातली सगळी मेख त्या “सोबत”मध्ये आहे. आमच्या शाखेत मार्चअखेर रात्री अकरापर्यंत थांबून वह्या जुळवतो आम्ही, आणि हेड ऑफिसच्या प्रशस्तिपत्रावर नाव येतं साहेबांचं. साहेब सोबत असतात. आसाईचं म्हणाल तर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचंच म्हणणं आहे, की तिने वजन उतरतं असा निश्चित शास्त्रीय पुरावा नाही.

बाटली उलटी करून बघितलीत तर आणखी एक वाक्य सापडेल: “औषधी वापरासाठी नाही.” हे लिहिणं आपल्याकडे अशा आहारपूरक मालाला कायद्याने बंधनकारक आहे. त्याशिवाय १९५४ साली जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्ध एक कायदा झाला, त्यातल्या रोगांच्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. ‘आमच्या औषधाने लठ्ठपणा जातो’ अशी जाहिरात करायला बंदी! म्हणून मग जाहिरातवाले “लठ्ठपणा घालवतो” म्हणत नाहीत, “चयापचयाला साथ देतो” म्हणतात. म्हणजे बाटलीच्या पुढच्या बाजूला सडपातळ बाई आणि मागच्या बाजूला सही न करता दिलेला कबुलीजबाब. आम्ही बँकेत पुढची बाजू बघून पैसे देत नाही. चेक उलटा करून बघतो.

बँकेवरून आठवलं. या धंद्याचं खरं इंजिन फळात नसून आमच्या खात्यात आहे. अमेरिकेत २०१० साली उघडकीला आलेला आसाईचा एक प्रकार असा होता: नमुना फुकट, फक्त टपालखर्च द्या. टपालखर्चासाठी कार्डाचा नंबर दिला, की पुढे दर महिन्याला चाळीस ते साठ डॉलर आपोआप कापले जात. आपण तर्र झालो तरी थांबत नसत. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की अशी दरमहाची कपात लावायची तर आधी ग्राहकाची ओटीपीसकट संमती पाहिजे आणि प्रत्येक कपातीच्या चोवीस तास आधी निरोप पाहिजे. नियम उत्तम आहे. पण माझ्या काउंटरवर येणारा खातेदार दोन्ही गोष्टी करून बसलेला असतो. ओटीपी उत्साहात दिलेला असतो आणि निरोप कंटाळून न वाचलेला असतो. परवा एक तरुण मुलगा आला. तो हळू आवाजात म्हणाला, “काका, ही कपात बंद करायचीय.” कसली, विचारलं तर इकडेतिकडे बघून आणखी हळू म्हणाला, “वजनाच्या गोळ्यांची.” मागे सात माणसं रांगेत होती. कर्ज थकलेला माणूससुद्धा इतक्या खाली मान घालून माझ्यापुढे उभा राहत नाही.

त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी ती सूचना रद्द करून दिली आणि “पुढचा!” म्हणून मोकळा झालो.

इथवरचा लेख मी एका रविवारी दुपारी लिहून काढला होता, आणि साहेबांच्या तिसऱ्या युक्तिवादापाशी, म्हणजे “तोटा तर नाही ना?” पाशी येऊन अडलो होतो. अडलो की मला भूक लागते. आमच्या घरात चिवडा माझ्यापासून लपवून ठेवण्याची पद्धत आहे आणि तो शोधून काढण्याची माझीही पद्धत आहे. ती तांदळाच्या डब्यात ठेवते. मी डब्यात हात घातला. हाताला चिवडा लागला नाही. लागली एक बाटली. जांभळी.

तिच्या शेजारी आणखी दोन होत्या. रिकाम्या.

माझ्यातला वकील एकदम जागा झाला. तिन्ही बाटल्या घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेलो. सौ. मेथी निवडत बसली होती. “अगं, हे काय?” मी म्हटलं, आणि उत्तराची वाट न बघता सुरू झालो. ॲमेझॉनचा नावाडी झाला, सत्त्याहत्तर हजार कॅलरी झाल्या, एकशे पस्तीस अमेरिकन झाले. ती मेथी निवडत राहिली. मी सिनेटच्या समितीपर्यंत आलो तेव्हा तिने मान वर केली.

“झालं?” ती म्हणाली. “मागच्या दिवाळीत तुम्ही बँकेच्या अंकात लिहिलं होतंत, आठवतंय का? मी काट्यावर पाय ठेवला की काटा रजेचा अर्ज टाकतो म्हणून?”

आठवत होतं. चांगला जमला होता तो विनोद. हेड ऑफिसमधून दोन फोन आले होते.

“आमच्या शाळेत कुणीतरी तो अंक आणला. स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना रिक्षात फोनवर ही जाहिरात दिसली. मागवली.”

मी पुढचा मुद्दा विसरलो.

बराच वेळ काही सुचेना, म्हणून मी कारकुनी प्रश्न विचारला. “मग, उतरलं का काही?”

“दोन किलो वाढलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून दुसरी मागवली. मग तिसरी.”

वाचकहो, या धंद्याची सगळी अक्कल तिच्या या वाक्यात आहे. पंखा चालला नाही तर आपण पंखेवाल्याला शिव्या देतो. दूध नासलं तर दूधवाल्याला दारात उभं करतो. पण ही बाटली चालली नाही तर माणूस स्वतःलाच दोष देतो आणि दुसरी बाटली आणतो! तक्रार करायची तर आधी आपण जाड आहोत हे चारचौघांत कबूल करावं लागतं, आणि माझ्या काउंटरवरच्या त्या पोरासारखं हळू आवाजात बोलावं लागतं. फसलेला ग्राहक लाजून गप्प बसणार, याची दुकानदाराला आधीपासून खात्री असते. ही लाज तो दुकानदार तयार करत नाही. ती त्याला आयती मिळते. आमच्यासारखे विनोदी लेखक ती फुकट घरपोच पुरवतात.

आणि तोटा? ऐका साहेब. मी विचारलं तशी ती हळूहळू सांगायला लागली. दोनतीन महिन्यांपासून थकवा. सकाळी उठवत नाही. केस गळतात. सगळ्यांना उकडत असताना हिला थंडी वाजते. बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, की सुरुवातीला थकवा येतो, ते शरीर शुद्ध होत असल्याचं लक्षण समजावं. हिने तसं समजून घेतलं. मीही हिचा थकवा बघितला होता. तो मी पुढच्या दिवाळीच्या लेखासाठी टिपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आधी त्या कॅप्सूल बंद करायला लावल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. दोन दिवसांनी अहवाल आला. थायरॉइड. सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक छोटी गोळी. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्या बाटलीच्या झाकणाएवढा. “वजन या गोळीने फार उतरणार नाही, अपेक्षा ठेवू नका,” डॉक्टर म्हणाले, “पण थकवा उतरेल.” विकणारा माणूस असं बोलत नाही, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. जाता जाता यकृताचीही तपासणी करून घेतली त्यांनी, कारण गार्सिनियाच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. अशा नोंदी विरळ आहेत. पण आपल्या घरातलं माणूस त्या विरळांत नाही, हे कागदावर येईपर्यंत मला झोप लागली नाही. शिवाय अशा “नैसर्गिक” मालात सिबुट्रामिन नावाचं औषध चोरून मिसळलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अनेकदा सापडलं आहे; हृदयाला धोका म्हणून २०१० साली अमेरिकेत आणि युरोपात विक्रीतून काढलेलं औषध ते.

तेव्हा तोट्याचा ताळेबंद असा. बाटल्या तीन, दर चौदाशे नव्याण्णव, एकूण चार हजार चारशे सत्त्याण्णव रुपये. ते गेले, आमच्या घरात याहून मोठ्या रकमा भिशीत गेल्या आहेत. पण तीन महिने गेले, ते कुठल्या रकान्यात मांडायचे? रोज सकाळी माणूस थकून उठत होतं आणि त्याला “शुद्धी” समजत होतं. ते तीन महिने त्या बाटलीने खाल्ले, आणि बाटलीला वाढायला मी होतो.

पूर्वी स्टेशनांवर वजनाची यंत्रं असत. लाल-पिवळे दिवे फिरायचे, नाणं टाकलं की खटकन जाड तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य खोटं असे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि यंत्रालाही होतं; पण ते फुकट असे, पैसे फक्त वजनाचे. आता भविष्याचे पैसे आहेत, आणि वजन आपलं आपल्याला बघायचं आहे.

सबनीसची बाटली पुढे महिनाभर टेबलावर येत होती, मग यायची बंद झाली. मी काही विचारलं नाही. खिचडी मात्र अजून येते आणि तो मला त्यातली अर्धी देतो. पेडणेकर मॅडमनी नणंदेला फोन केला. ती म्हणे त्याच महिन्यात रोज तळ्याला चार फेऱ्याही मारत होती, हे सांगायचं राहून गेलं होतं. साहेबांनी अजून मत बदललेलं नाही. साहेब मत बदलत नाहीत, शाखा बदलतात.

आमच्याकडच्या त्या तीन बाटल्या मी फेकायला निघालो होतो. सौ.ने अडवलं. मध्यमवर्गीय घरात झाकणाची बाटली कुणी फेकतं का? धुऊन, उन्हात वाळवून आता एकीत हिंग आहे, एकीत ओवा आणि एकीत आमसुलं. आमसुलं आम्ही कालवणात टाकतो.

हा लेख छापायला पाठवण्याआधी मी तिला वाचायला दिला. नवी पद्धत आहे घरात. तिने लाल पेन घेतलं, शाळेतल्या वहीसारखा तपासला आणि त्यातले तीन विनोद खोडले. तिन्ही चांगले होते. पण खोडल्यावर लेख खरंच हलका झाला. या सबंध प्रकरणात कशाचं वजन कमी झालं असेल, तर ते तेवढंच.